तिरप्या उजेडात

खिडकीजवळ बसा. सकाळ असेल तर उत्तम. सकाळचा उजेड आडवा येतो.

समोर एक मऊ, स्वच्छ कापड पसरा. त्यावर घड्याळ ठेवा.

जुनं घड्याळ. चावीचं. कुठून आलं ते आत्ता राहू दे. कपाटातल्या डब्यात सापडलं असेल. मुंबईच्या चोरबाजारात, मटन स्ट्रीटवर घेतलं असेल. 'बघ रे, किती येतील याचे' म्हणून कुणी हातात दिलं असेल.

किती येतील, हा प्रश्नही बाजूला ठेवा. तो कुठे जात नाही.

चावी देऊ नका अजून. बंद आहे, तर बंदच असू दे.

एक श्वास घ्या. सोडा.

नुसतं पाहा.

*

नाव वाचू नका.

हे अवघड आहे. डोळा आधी अक्षरांकडेच धावतो. आणि एकदा नाव वाचलं, की बघायचं थांबतो. 'ओमेगा' दिसलं की माणसाला पुढचं काही दिसत नाही. नकली माल विकणाऱ्याचा अर्धा धंदा एवढ्यावरच चालतो.

म्हणून नजर नावावरून काढा. काचेवर आणा.

काचेवर रेघा आहेत. एखादी लांब. बाकीच्या बारीक, कशाही गेलेल्या.

बोटाच्या नखाने हलकी टिचकी मारा. ऐका.

आवाज बसका, मऊ आला का? मग काच प्लास्टिकची आहे. साधारण १९७० च्या दशकापर्यंत बहुतेक मनगटी घड्याळांना हीच काच असायची. ती लवकर ओरखडते आणि घासून पुन्हा साफही होते. आवाज कडक आला, ओठाला लावल्यावर गार लागलं, तर ती खरी काच किंवा सफायर.

साठ सालचं म्हणून सांगितलेल्या साध्या घड्याळावर सफायर असेल, तर ती नंतर कुणीतरी बसवली आहे. त्यात वाईट काही नाही. काच फुटते, बदलतात.

फक्त मनात नोंद करा. निकाल देऊ नका.

पुन्हा एक श्वास.

*

आता घड्याळ उचला. उजेडासमोर नको, उजेडाच्या आडवं धरा. हळूहळू कलतं करा.

वरून तबकडी सपाट दिसत होती. आता तिच्यावर चढउतार आहेत. अक्षरं पृष्ठभागाच्या किंचित वर आहेत. प्रत्येकाची एक बारीक सावली पडली आहे.

भिंग असेल तर घ्या. एकच अक्षर निवडा. कुठलंही.

त्याच्या कडेवर थांबा.

कारखान्यातल्या छपाईची कड स्वच्छ असते. शाई जिथे थांबायची तिथे थांबलेली. दोन अक्षरांमधली जागा मोजून सोडलेली. पुन्हा रंगवून छापलेल्या तबकडीवर शाई जरा पसरते. अक्षर जाडसर होतं. मिनिटांच्या रेघा तासांच्या खुणांशी केसभर चुकतात. सहाच्या खाली 'स्विस मेड' असतं, पण कडेत अर्धं गेलेलं. कधी ते तिथे नसतंच.

केसभर चुकतात, म्हणून तर तिथे थांबायचं. पळत्या नजरेला केसभर दिसत नाही.

तीन श्वास त्या एका अक्षरापाशी.

एक.

दोन.

तीन.

*

आता रंग.

तबकडी फार टवटवीत आहे का? झगझगीत निळी? नारिंगी? पोपटी?

एच.एम.टी.ची 'जनता' डोळ्यांपुढे आणा. १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने बंगळूरला हा घड्याळ कारखाना उभा राहिला. 'जनता' त्यातलं साधं, चावीचं, १७ ज्वेल्सचं घड्याळ. कित्येक तबकड्यांवर नाव देवनागरीत छापलेलं. फिकट, शांत तबकडी. मनगटावर असूनही लक्ष वेधून न घेणारी.

आज तेच नाव भडक रंगांत भरपूर विकायला असतं. कारखान्याने कधी काढलेच नाहीत असे ते रंग.

जगभरचे संग्राहक अशा घड्याळांना 'मुंबई स्पेशल' म्हणतात. कौतुकाने नाही.

मला हे नाव जरा टोचतं. परदेशी सुटे भाग सहज मिळत नव्हते, तेव्हा गल्लीतल्या कारागिराने एकाचे काटे दुसऱ्याला लावले, डाग पडलेली तबकडी खरवडून नव्याने छापली, आणि बंद पडलेलं घड्याळ पुन्हा कुणाच्या तरी मनगटावर चालू झालं. ते कसबच होतं. खोट तिथे नाही. खोट 'ओरिजिनल आहे, बघा' या तीन शब्दांत आहे.

असो. हा विचार आला, गेला.

पुन्हा तबकडीकडे या.

*

काट्यांवर नजर ठेवा. मग तासांच्या खुणांवर. मग परत काट्यांवर.

अंधारात चमकणारा लेप दोन्हीकडे असेल, तर त्याचा रंग पाहा. कधीकाळी तो फिका, हिरवट-पांढरा होता. आता पिवळसर झालाय. कुठे तपकिरी. काट्यावरचा पिवळा आणि तबकडीवरचा पिवळा एकाच जातीचे आहेत का?

एका घरात चाळीस वर्षं काढलेली माणसं एकमेकांसारखी थकतात. घड्याळाचे भागही तसेच.

तबकडी तपकिरी आणि काटे कोरे करकरीत, किंवा काटे गंजलेले आणि तबकडी कालची, तर यातलं कुणीतरी नंतर आलंय. ते कोण, हे आत्ताच ठरवायला नको. मेळ बसत नाही, एवढं पाहा.

मेळ. दुसरं काही शोधू नका. चकाकी शोधू नका, वजन शोधू नका. 'असली घड्याळ जड असतं' हा सल्ला तर विसरूनच जा. वजन जुळवायला आजच्या नकला करणाऱ्यांना काही कठीण नाही. डब्बा आणि गॅरंटी कार्डही ते छापतात. पण पन्नास वर्षं एकाच घामात, एकाच दमट हवेत काढून आलेला मेळ छापता येत नाही.

नजर परत काट्यांवर. परत खुणांवर.

आणि इथे एक काळजी घ्या. १९६० च्या आधीचं घड्याळ असेल तर हा लेप रेडियमचा असू शकतो. आता तो अंधारात चमकत नाही. चमक देणारं रसायन झिजून गेलं. रेडियम मात्र तिथेच आहे. त्याची शक्ती अर्धी व्हायला सुमारे १६०० वर्षं लागतात.

म्हणून मागचं झाकण घरी उघडू नका. लेप खरवडू नका. त्याची भुकटी श्वासात जाता कामा नये.

अमेरिकेत न्यू जर्सीमधल्या ऑरेंज या गावी, शंभर वर्षांपूर्वी, तरुण मुली हा लेप तबकड्यांवर भरत. कुंचल्याला टोक यावं म्हणून तो ओठांत धरायला त्यांना शिकवलेलं होतं. त्यांच्यातल्या कितीतरी जणी जबड्याच्या आणि हाडांच्या दुखण्याने गेल्या.

त्या पिवळसर ठिपक्यांकडे पाहा. प्रत्येक ठिपका कुणीतरी हाताने भरलाय.

थोडा वेळ काही न बोलता बसा.

पुढे रेडियमची जागा ट्रिटियमने घेतली. तबकडीच्या तळाशी 'स्विस मेड' च्या दोन्ही बाजूंना बारीक 'टी' दिसला, तर तो ट्रिटियमचा. याची शक्ती सव्वाबारा वर्षांत अर्धी होते. त्यामुळे १९७० चं म्हणून दिलेलं, 'टी' असलेलं घड्याळ रात्रभर लख्ख चमकत असेल, तर लेप नवा भरलाय.

आज रात्री दिवा मालवून पाहा. ते कमी चमकलं तर वाईट वाटून घेऊ नका.

*

आता जरा लांब जाऊ. घड्याळ हातातच असू दे. डोळे हवे तर मिटा.

पॅरिस. सेन नदीतलं बेट. त्याच्या काठावरचा रस्ता, के द लोरलोज. इथे अब्राहम-लुई ब्रेगे या कारागिराचं दुकान आहे. तो १७४७ चा, नशातेलचा, म्हणजे आजच्या स्वित्झर्लंडमधला. त्याच्या घड्याळांना इतका मान आहे, की तो हयात असतानाच त्याच्या नावाच्या नकला बाजारात आल्या आहेत.

ब्रेगे काय करतो?

दुसरा कुणी असता तर सही मोठी केली असती. ठळक, नक्षीदार. ब्रेगे सही लहान करतो.

१७९५ च्या सुमाराची ही गोष्ट. पांढऱ्या मिन्याच्या तबकडीवर, बाराच्या आकड्याखाली, टोकदार सुईने ओरखडलेलं त्याचं नाव. सोबत घड्याळाचा नंबर. रंग नाही, शाई नाही. इतकं बारीक, की समोरून पाहिलं तर पांढऱ्याशिवाय काही दिसत नाही.

तबकडी कलती करा. उजेड आडवा येऊ दे.

रेघ दिसते.

आणखी थोडी कलती करा. रेघ जाते.

या एका जागेवर राहा. मनातल्या मनात ती पांढरी तबकडी कलती करत राहा. दिसते. जाते. दिसते.

खरेपणाची खूण त्याने अशा जागी ठेवली, जिथे फक्त थांबलेला माणूस पोचेल. घाईच्या माणसाला ती दिसायला नकोच होती.

सहीची नक्कल अशक्य नसते, हे त्यालाही कळत असणार. म्हणून दुसरीकडे, वह्यांमध्ये, प्रत्येक घड्याळाची नोंद होत होती. नंबर, घेणाऱ्याचं नाव, किंमत. त्या वह्या पॅरिसमध्ये आजही जपलेल्या आहेत. तबकडीवर कुणी खोटा नंबर ओरखडू शकतो. दोनशे वर्षांपूर्वीच्या वहीत मागे जाऊन तो लिहिता येत नाही.

आज लाँजीन, पाटेक फिलिप यांसारख्या कंपन्या नंबरावरून जुन्या नोंदीचा उतारा देतात, तो याच वाटेने. अमुक नंबर, अमुक मशीन, अमुक साली कारखान्यातून बाहेर पडलं. दोन-तीन ओळींचा कोरडा कागद. पण लिलावात त्या कागदाने भाव हलतो.

आणि मग नंबर १६०.

१७८३ मध्ये फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिच्यासाठी ब्रेगेकडे एक घड्याळ सांगितलं जातं. त्या काळी माहीत असलेलं सगळं त्यात हवं, खर्चाला मर्यादा नाही, वेळेलाही नाही. क्रांती होते. १७९३ मध्ये राणीचा शिरच्छेद होतो. काम चालू राहतं. १८२३ मध्ये ब्रेगे जातो. काम चालूच राहतं. १८२७ मध्ये घड्याळ पुरं होतं.

चव्वेचाळीस वर्षं. ज्याने हाती घेतलं तो नाही, जिच्यासाठी घेतलं ती नाही.

पुढे ते जेरुसलेमच्या एल. ए. मायर संग्रहालयात येतं. १९८३ मध्ये तिथे चोरी होते. शंभराहून जास्त घड्याळं जातात, त्यात हेही. दोन दशकांहून अधिक काळ त्याचा पत्ता नाही. २००६ मध्ये संग्रहालयाला ते परत मिळतं.

त्या मधल्या वर्षांकडे पाहा. कुठल्यातरी अंधारात, गुंडाळून ठेवलेलं, बंद. जगातल्या सर्वांत मोलाच्या घड्याळांपैकी एक, आणि विकता येत नाही. कारण ते ओळखीचं आहे. ते कुणालाही दाखवलं तर तो विचारणार, हे तुझ्याकडे कसं?

ओळख आणि मालकी जिथे जुळत नाहीत, तिथे भाव शून्यावर येतो.

डोळे मिटले असतील तर उघडा. तुमचं घड्याळ हातातच आहे. खिडकीतला उजेड थोडा सरकलाय.

*

उलटं करा.

पाठीवर तळहाताची ऊब आली असेल. स्पर्श करा.

पट्टा जिथे अडकतो ती चार टोकं अंगठ्याने चाचपा. कडा अजून टोकेरी आहेत, की गुळगुळीत गोल झाल्या आहेत? गोल झाल्या असतील तर ते घड्याळ अनेकदा पॉलिशला गेलंय. दर पॉलिशला धातूचा एक पापुद्रा जातो. चकाकी येते आणि आकार जातो. ओरखडे असलेलं, पण कडा शाबूत असलेलं घड्याळ जाणकार जास्त पैसे देऊन घेतो. दुकानात मात्र पॉलिश केलेलंच पुढे मांडतात.

सोनेरी आहे? त्या टोकांवरच बघा. सोन्याचं पाणी असेल तर पितळ तिथून डोकावतं.

खिशातलं घड्याळ असेल, चांदीचं, तर बिजागरीच्या झाकणाच्या आत शिक्के असतील. भिंगाखाली घ्या. इंग्लंडच्या चांदीवर चालणारा सिंह. शेजारी गावाची खूण, नांगर असला तर बर्मिंगहॅम, बिबट्याचं तोंड असलं तर लंडन. त्यापुढे एक अक्षर. ते अक्षर वर्ष सांगतं. स्विस सोन्यावर १८८० च्या कायद्यानंतर हेल्वेशिया या देवतेचं मस्तक, चांदीवर अस्वल किंवा रानकोंबडा.

नखाच्या कोपऱ्याएवढं अस्वल. त्याचे पाय मोजता येतात का पाहा.

शिक्के खोटेही असतात, वाकडेही असतात. पण झिजलेल्या झाकणावर अगदी कोरा शिक्का असेल, तर तुमचा डोळाच तिथे अडखळेल. अडखळू द्या. मेळ.

पाठीवर कुणी काही कोरलंय का?

'सप्रेम भेट'. एखादी तारीख. कुणाची आद्याक्षरं.

बोट फिरवा. अक्षरांच्या खाचांत वर्षांचा मळ बसलाय. तो काढू नका.

दुकानदार अशा कोरलेल्या नावाने भाव कमी करतो. परक्याचं नाव पाठीवर घेऊन फिरायला घेणारा तयार नसतो. धंद्याच्या दृष्टीने त्याचं बरोबरच आहे. पण एका घड्याळाचं उलटं झालं. नट पॉल न्यूमनला त्याची पत्नी जोअन वुडवर्ड हिने रोलेक्सचं डेटोना दिलं. पोलादी, चावीचं. तो शर्यतीत गाड्या चालवायचा. पाठीवर तिने तीन इंग्रजी शब्द कोरून घेतले होते, दोन 'गाडी जपून चालव' अशा अर्थाचे, आणि सही म्हणून नुसतं 'मी'.

तसल्या तबकडीचं डेटोना त्या काळी दुकानांत पडून राहायचं. न्यूमनने पुढे ते आपल्या मुलीच्या मित्राला देऊन टाकलं. २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात त्याला एक कोटी ७७ लाख डॉलरहून जास्त आले.

हा आकडा क्षणभर हातात धरा. किती जड वाटतो पाहा.

मग कापडावर ठेवून द्या.

पोलाद तेच आहे. मशीन तेच आहे. वाढलं ते काय, तर कुणी कुणाला दिलं, हे पडताळून पाहता येतं एवढंच. तुमच्या घड्याळामागेही असं काही असेल. ते पडताळता येत असेल तर बाजारात मोजलं जाईल. नसेल तर घरात.

*

आता चावी द्या.

अगदी हळू. अंगठा आणि तर्जनी. चार-पाच वळसे, जास्त नको. जुनं तेल आत वाळलेलं असतं. अडलं तर लगेच थांबा, जोर लावू नका.

बोटांना बारीक कट्-कट् जाणवते का?

घड्याळ कानाशी न्या.

ऐका.

चालू झालं असेल तर आवाज फार लहान आहे आणि फार जवळ आहे. चावीची बहुतेक जुनी घड्याळं तासाला १८,००० ठोके देतात. सेकंदाला पाच. मोजता येत नाहीत. मोजूही नका.

एक संथ श्वास आत. तोच संथपणे बाहेर. सहा सेकंद. तेवढ्यात तीस ठोके पडून गेले.

पुन्हा. आत. बाहेर.

ठोका एकसारखा पडतोय, की लंगडतोय? टिक आणि टक यांच्यामधलं अंतर सारखं आहे का? लंगडत असेल तर कानाला आपोआप कळतं. विचार करावा लागत नाही.

आजच्या स्वयंचलित महागड्या घड्याळांत बहुधा सेकंदाला आठ ठोके असतात. सेकंद काटा जवळजवळ सरकत जातो. आणि सेलवरच्या घड्याळात क्वार्ट्‌झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो, काटा मात्र सेकंदाला एकदाच उडी मारतो. चावीचं किंवा स्वयंचलित म्हणून दाखवलेलं घड्याळ अशी उडी मारू लागलं, तर बहुतेक वेळा तिथेच बोलणं संपतं.

आपलं पाचाचं आहे. ते ऐकत राहा.

त्या एकेका ठोक्याच्या आतही तीन वेगळे आवाज असतात, एकामागून एक, फार जवळजवळ. घड्याळजींचं यंत्र ते वेगळे ऐकतं. आपल्याला ते एकच ऐकू येतात. तरी त्यात काहीतरी दाट आहे, एवढं जाणवतं का?

आत. बाहेर.

मन भटकलं तर भटकू द्या. घड्याळ कानाशीच आहे.

*

झाकण उघडायचं काम आपलं नाही. त्यासाठी घड्याळजींकडे चला.

लहान दुकान. भिंतीवरची घड्याळं वेगवेगळ्या वेळा दाखवणारी. टेबलावर दिवा, चिमटे, काचेखाली झाकलेले भाग. ते भिंग डोळ्याला अडकवतात, झाकण उघडतात आणि घड्याळ तुमच्याकडे वळवतात.

पाहा. पण बोट लावू नका. श्वासही जरा बाजूला सोडा, वाफ बसते.

लाल ठिपके दिसतात. हेच ते ज्वेल्स. कृत्रिम माणकं. ऑग्युस्त व्हर्नय याने १९०२ मध्ये माणिक कृत्रिमरीत्या करण्याची रीत जगापुढे मांडली, तेव्हापासून ती स्वस्त झाली. 'सतरा ज्वेल्स' म्हणजे सतरा रत्नं असं समजून पुष्कळ घरांत डोळे मोठे झालेले आहेत. दागिना म्हणून त्यांचं मोल जवळपास काहीच नाही. चाकांचे आस झिजू नयेत, एवढंच त्यांचं काम.

एखादा निळा स्क्रू असेल. घड्याळजींना सांगा, जरा कलतं करा.

पोलाद सुमारे तीनशे अंशांपर्यंत तापवलं की त्यावर निळा रंग चढतो. असा स्क्रू एका बाजूने काळा दिसतो. कलला की लख्ख निळा होतो. पुन्हा काळा. रंग लावलेला स्क्रू सगळीकडून एकसारखा निळा राहतो.

काळा. निळा. काळा.

आता हलणारं चाक पाहा. बॅलन्स. इकडे जातं, तिकडे जातं. त्याच्यावर केसासारखी स्प्रिंग आवळते, सैल होते. कारागीर या हालचालीला श्वास म्हणतात.

तिच्याबरोबर श्वास घेऊ नका, ती फार भरभर घेते. तुम्ही तुमच्या चालीने घ्या. तिला तिच्या चालीने घेऊ द्या.

बॅलन्सपाशी, खालच्या पत्र्यावर, एक बारीक खूण आणि आकडा असतो. मशीन कुणी केलं, कोणत्या जातीचं, ते तिथे लिहिलेलं. घड्याळजी वाचून दाखवतात. आता, इतक्या वेळाने, तबकडीवरचं नाव वाचा. दोन्ही जुळतात का?

जुळले नाहीत म्हणून लगेच खोटं ठरवू नका. नावाजलेल्या कंपन्याही दुसऱ्यांची मशीनं घेत असत. वेस्ट एंड वॉच कंपनीची घड्याळं मुंबई-कलकत्त्यात खपायची, त्यांच्यात लाँजीनच्या घरचीही मशीनं सापडतात. मग विचारायचं ते असं, की या नावात हे मशीन कारखान्याने कधी बसवलं होतं का? हे घड्याळजींना ठाऊक असतं, किंवा कुठे बघायचं ते तरी.

मग झाकणाची आतली बाजू.

इथे रेघा आहेत. ओरखडे नव्हेत, अक्षरं. टोकाने खरडलेली. एखादी तारीख. दोन आद्याक्षरं. कुणालाच न कळणारा एक आकडा. घड्याळ दुरुस्तीला आलं, की कारागीर आत आपली खूण खरडून ठेवतात. पुढच्याला कळावं म्हणून. किंवा तेच पुन्हा आलं तर आपल्यालाच कळावं म्हणून.

झाकण आडवं धरायला सांगा.

एक खूण. तिच्याखाली दुसरी, वेगळ्या हाताची. कडेला आणखी एक, अर्धी पुसलेली.

प्रत्येकीपाशी एक श्वास थांबा. यातला प्रत्येक जण या मशीनकडे असाच वाकून बसला होता.

जुन्या घड्याळाच्या आत एकही खूण नसेल आणि बाहेरून ते झिजून गेलं असेल, तर झाकण दुसऱ्याचं असू शकतं.

घड्याळजी भिंग वर करतात. विचारतात, "वापरायचंय की विकायचंय?"

उत्तराची घाई करू नका. प्रश्न साधा नाही. वापरायचं असेल तर मुख्य स्प्रिंग बदलावी लागेल, चावीचं रबर बदलावं लागेल, गंजका काटा कदाचित काढावा लागेल. विकायचं असेल तर यातलं जितकं कमी कराल तितकं बरं. तेलपाणी तेवढं करा. पॉलिश नको. तबकडीला हात नको.

ठरत नसेल, तर 'माहीत नाही' असं सांगा. ते चालतं. मग फक्त साफसफाई, आणि जे काही निघेल ते फेकायचं नाही, कागदाच्या पुडीत घालून परत द्यायचं. निघालेला गंजका काटासुद्धा. पुढे कुणी विचारलं, तर तोच दाखवता येतो.

ते पावती फाडायला घेतात. 'जेंट्स, चावीचं, काच घासलेली.' एवढंच लिहितात.

नंबरही लिहून द्या म्हणा. झाकणावरचा आणि मशीनवरचा, दोन्ही.

ते थोडे कुरकुरतात. दुकानात आणखी गिऱ्हाईक आहे. पण भिंग पुन्हा डोळ्याला लावतात, आणि एकेक आकडा सांगू लागतात. तुम्ही लिहून घ्या.